जिवाणूंच्या घरातली कात्री

आपल्या गटात कुणाला ना कुणाला साखरेचा आजार असतोच. पोटावर इन्सुलिनची सुई टोचून घेणाऱ्या बायाही तुम्ही पाहिल्या असतील. त्या बाटलीतलं औषध तयार होतं कसं? त्यामागे एका कात्रीची गोष्ट आहे, आज ती सांगते.

जिवाणू म्हणजे डोळ्यांना न दिसणारे इवलेसे जीव. त्यांनाही आजार होतात, त्यांच्यावरही विषाणू चालून येतात. 1952 साली अमेरिकेत साल्वादोर लुरिया आणि मेरी ह्यूमन या दोघांना एक नवल दिसलं. एका जातीच्या जिवाणूत वाढलेला विषाणू दुसऱ्या जातीत गेला की वाढेना. त्याला कुणीतरी दारातच अडवत होतं.

कोण अडवतं, याचा माग जिनिव्हात वेर्नर आर्बर आणि डेझी द्यूस्वा यांनी काढला. 1962 साली त्यांनी दाखवलं की जिवाणू परक्या विषाणूचा डीएनए तोडून टाकतो. डीएनए म्हणजे जीव कसा घडवायचा याची आत लिहिलेली चिठ्ठी. मग जिवाणूची स्वतःची चिठ्ठी का तुटत नाही? कारण त्याने आपल्या चिठ्ठीवर जागोजाग खुणेची टिकली लावलेली असते. टिकली दिसली की कात्री तिथे चालत नाही. आर्बर यांच्या दहा वर्षांच्या लेकीने, सिल्वियाने, याची छान गोष्ट केली होती: डीएनए हा राजा, आणि कात्रीवाला त्याचा नोकर. परका राजा आत घुसला तर नोकर त्याचे तुकडे करतो, आपल्या राजाला मात्र धक्का लावत नाही.

1970 साली बाल्टिमोरमध्ये हॅमिल्टन स्मिथ यांना अशी कात्री सापडली, जी ठरावीक अक्षरांवरच कापते. ही अक्षरं बहुधा आपल्या ‘चिमा काय कामाची’सारखी असतात. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एक या बाजूने वाचा, दुसरा त्या बाजूने वाचा, शब्द तोच. पुढच्याच वर्षी कॅथलीन डॅना या विद्यार्थिनीने आपले गुरू डॅनियल नेथन्स यांच्यासोबत एका विषाणूचा डीएनए कापून त्याचे 11 तुकडे वेगळे करून दाखवले.

कापणं जमलं, पण जोडायचं कसं? 1972 साली स्टॅनफर्डमध्ये जॅनेट मर्ट्झ आणि रोनाल्ड डेव्हिस यांना दिसलं की ‘इको-आर-वन’ नावाची कात्री सरळ कापत नाही, दोन्ही टोकांना थोडे धागे मोकळे सोडते. हे धागे एकमेकांना आपोआप चिकटतात. मग जोडणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाने टाका घातला की काम पक्कं. जुन्या लुगड्याचा तुकडा गोधडीत बसवावा, तसा एका जिवाचा तुकडा दुसऱ्यात बसवता येऊ लागला. 1973 साली स्टॅन्ली कोहेन, ॲनी चँग, हर्बर्ट बॉयर आणि त्यांच्या सोबत्यांनी असा जोडलेला डीएनए जिवाणूत घालून वाढवूनही दाखवला.

तोवर इन्सुलिन गाईगुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढावं लागे. 1978 साली माणसाच्या इन्सुलिनची चिठ्ठी प्रयोगशाळेत बनवून जिवाणूत बसवली गेली आणि जिवाणू इन्सुलिन बनवू लागले. 1982 साली अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झालं.

त्याच 1978 साली या कात्रीच्या शोधाला नोबेल मिळालं. मान आर्बर, नेथन्स आणि स्मिथ यांना. ते त्यांच्या हक्काचंच होतं. पण मेरी, डेझी, कॅथलीन, जॅनेट, ॲनी ही नावं फार कमी लोकांच्या तोंडी आली. आपल्याकडेही पेरणी-खुरपणी बाई करते आणि सातबारा पुरुषाच्या नावावर असतो, त्यातलाच हा प्रकार.

आणखी एक सांगते. याच विद्येतून बीटी कापूस आला. 2002 साली भारतात त्याला परवानगी मिळाली आणि आपल्या विदर्भ-मराठवाड्यात तो घरोघर पोचला. कात्री चांगली की वाईट, हे कात्रीला विचारून कळत नाही. काय कापलं, कुणासाठी जोडलं, बियाण्याचा भाव कुणी ठरवला, हे विचारायचं असतं. पुढच्या बैठकीत बियाण्याची पिशवी हातात आली, तर तिच्यावरची अक्षरं मोठ्याने वाचा आणि हे प्रश्न विचारा. लेकींना मात्र ही पाच नावं आजच सांगा.