मेंदूच्या पेशी प्रयोगशाळेत कशा वाढवतात? पवईच्या आयआयटीत काय झालं?

रक्त तपासायला देता येतं, त्वचेचा छोटा तुकडा काढता येतो. पण पार्किन्सन्स झालेल्या जिवंत माणसाच्या मेंदूतून पेशी काढून कशा तपासणार? त्यात पूर्ण वाढ झालेले न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, विभागून वाढतही नाहीत. म्हणून शास्त्रज्ञ त्या दुसऱ्या पेशींपासून घडवतात. या कामातला एक भन्नाट प्रयोग मुंबईच्या उपनगरात, पवईच्या आयआयटी बॉम्बेत झाला आहे.

सुरुवात कुठून होते?

मूलपेशींपासून, म्हणजे स्टेम सेलपासून. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशींना पुन्हा मूलपेशींसारखं केलं. २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अशा पेशी इनक्युबेटरमध्ये ३७ अंश सेल्सिअसला ठेवतात, ठरावीक क्रमाने रसायनं देतात, द्रव बदलत राहतात. काही आठवड्यांनी त्यांना चेतापेशींसारखे धागे फुटतात.

पवईतली जेली

मेंदू मऊ असतो आणि प्रयोगशाळेतलं प्लास्टिकचं भांडं कडक. मूलपेशीला हा फरक कळतो. मऊ पृष्ठभागावर ती चेतापेशीकडे झुकते, कडक पृष्ठभागावर हाडाच्या पेशीकडे.

आयआयटीतल्या प्रा. समीर माजी यांच्या गटाने मऊ गादी बनवली, तीही चक्क 'खलनायका'पासून. पार्किन्सन्समध्ये अल्फा-सायन्यूक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या मेंदूत साचतात. या प्रथिनाची एकमेकांना चिकटून तंतू बनवण्याची खोड संशोधकांनी वापरून घेतली. त्याच्यावर बेतलेल्या छोट्या तुकड्यांपासून त्यांनी जेली तयार केली. हे तुकडे पेशींना मारक ठरले नाहीत. जेली केचपसारखी वागते: जोर लावला की वाहते, थांबलं की पुन्हा घट्ट होते. त्यामुळे ती सुईतून देता येते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात जेलीवरच्या मानवी मूलपेशी चेतापेशींकडे वळताना दिसल्या आणि जेलीतून त्या उंदराच्या मेंदूतही सोडता आल्या. त्याआधी २०१५ मध्ये याच गटाने अल्झायमर्सशी संबंधित प्रथिनावर आधारित जेली बनवली होती.

इथे एक पण आहे. वापरलेल्या मूलपेशी मेसेन्कायमल प्रकारच्या होत्या. या पेशी चेतापेशीसारख्या दिसू लागतात, पण विद्युत संदेश पाठवणारी खरी चेतापेशी होतात का, यावर शास्त्रज्ञांमध्ये जुना वाद आहे.

या पेशी विचार करतात का?

मेलबर्नच्या संशोधकांनी २०२२ मध्ये भांड्यातल्या सुमारे ८ लाख चेतापेशींना 'पाँग' हा व्हिडिओ गेम खेळायला लावला, तेव्हापासून हा प्रश्न सोशल मीडियावर फिरतो. त्या पेशी संकेतांना प्रतिसाद देत होत्या. त्यावरून त्यांना जाणीव आहे असं म्हणता येत नाही. माणसाच्या मेंदूत अंदाजे ८,६०० कोटी चेतापेशी असतात.

मग उपचार आला का?

नाही. पवईचं काम उंदरापर्यंतचं आहे. तरी 'स्टेम सेलने मेंदू बरा करू' अशा जाहिराती दिसतात आणि स्वमग्न मुलांचे पालक त्यात लाखो रुपये घालवतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने डिसेंबर २०२२ मध्येच स्वमग्नतेसाठी अशा उपचारांची शिफारस करता येत नाही, असं स्पष्ट केलं. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्टेम सेलच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये सहभागी होणाऱ्याकडून पैसे घेता येत नाहीत. तेव्हा कुणी 'ट्रायल' म्हणत बिल पुढे केलं, तर तो सीटीआरआय या सरकारी नोंदणीत आहे का, हे तुम्हाला मोबाइलवरच तपासता येईल.