गिऱ्हाईक कोणी आणले?

पळसदेवकडचे एखादे कुटुंब नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेले, की घाटावर पहिला प्रश्न कानी पडतो, "गाव कोणते? आडनाव काय?" तो केवळ क्षेमकुशलासाठी नसतो. हा यजमान कोणत्या उपाध्यायाचा, हे त्याच्या उत्तरावरून ठरते. मग बासनातली जाड वही निघते आणि तीत आजोबा-पणजोबांनी येथे येऊन लिहून दिलेली नावे सापडतात. ज्याच्या वहीत नाव, त्याचा यजमान, आणि दक्षिणाही त्याचीच. ही यजमानवृत्ती वारशाने चालत आली, भावाभावांत वाटली गेली आणि तिच्यापायी उपाध्ये मंडळी कोर्टाच्या पायऱ्याही चढली.

व्यापाऱ्यापुढचा पेच यापेक्षा निराळा नाही. गिऱ्हाईक आले खरे, पण ते आणले कोणी? कमिशन कोणाला द्यावे?

१९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाचा पायंडा पाडला आणि दिवाळी अंक जाहिरातींवर पोसले जाऊ लागले. आपला पैसा कोणत्या अंकात फळास आला, हे जाहिरातदाराला कळावे कसे? म्हणून जुन्या मासिकांतून बारीक टाइपात विनंती असे, की पत्र लिहिताना आमच्या मासिकाचा उल्लेख करावा. अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्स या जाहिरातपंडिताने १९२३च्या आपल्या पुस्तकात कूपनाचा कैवार घेतला. प्रत्येक जाहिरातीच्या कूपनावर वेगळी खूण; आलेली कूपने मोजली, की झाला हिशेब. येथे कात्री वाचकाच्या हाती होती, हे विसरू नये. त्याने कूपन कापलेच नाही, तर दुकानदार बापडा अंधारातच.

ती कात्री १९९४नंतर वाचकाच्या हातून गेली. त्या वर्षी नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली याने 'कुकी' काढली. तोवर वेबला विस्मरणाचा रोग होता. काल आलेला माणूस आज पुन्हा आला तरी दुकानाला तो नवखाच. कुकी म्हणजे दुकानाने तुमच्याच यंत्रात ठेवलेली चिठ्ठी, पुढल्या खेपेस ओळख पटवणारी. १९९६ साली ॲमेझॉनने जाहीर केले, की तुमच्या पानावरची आमची जोडणी दाबून कोणी आला आणि त्याने खरेदी केली, तर तुम्हाला कमिशन. अशा बिनपगारी दलालास 'ॲफिलिएट' म्हणतात.

आता पिक्सेलची करामत पाहू. वेबचे पान एकसंध येत नाही. पान उघडले, की ब्राउझर त्यातले एकेक चित्र ज्याच्या त्याच्या सर्व्हरकडे मागतो. आणि मागणाऱ्याने पत्ता दिलाच पाहिजे, नाहीतर चित्र धाडायचे कोठे? त्या मागणीबरोबर यंत्राचा पत्ता, घटका-वेळ, बहुधा कोणत्या पानावरून मागणी आली ते आणि मागे ठेवलेली चिठ्ठीही जाते. म्हणजे मागणी झाली यातच कार्य साधले. चित्र कसले आहे याला महत्त्व नाही. म्हणून ते एका ठिपक्याएवढे, पारदर्शक ठेवतात. वजन अवघे ४३ बाइट! उजनीच्या पाण्यात जुने पळसदेव बुडाले, तरी पाणी ओसरले की पळसनाथाचे देऊळ दिसू लागते. हा ठिपका मात्र कोणत्याच उन्हाळ्यात दिसायचा नाही.

समजा, पळसदेवच्या एखाद्या शेतकऱ्याने ठिबकच्या नळ्यांची माहिती कोणाच्या पानावर वाचली, तेथली जोडणी दाबली आणि दोन दिवसांनी नळ्या मागवल्या. दुकानाच्या "आपली ऑर्डर मिळाली" या पानावर तो ठिपका दडलेला असतो. ठिपक्याच्या पत्त्यातच ऑर्डरचा क्रमांक आणि रक्कम गुंफलेली. सोबत चिठ्ठी गेली, की दलालाच्या नावे कमिशन जमा. बहुतेक ठिकाणी शेवटी ज्याची जोडणी दाबली, त्यालाच सारे मिळते. आधी चार जणांनी घसा कोरडा केला असेल, त्यांच्या हाती भोपळा.

जेथे कमिशन, तेथे लबाडीही आलीच. काही दलालांनी आपल्या पानावर अदृश्य कोड ठेवून, कोणी काही दाबले नसतानाही, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या यंत्रांत ईबेच्या चिठ्ठ्या कोंबल्या. तो माणूस पुढे आपणहून ईबेवर गेला तरी कमिशन यांचे! ईबेने २००८ साली दावा लावला आणि २०१४ साली दोन बड्या दलालांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. परक्याचा यजमान आपल्या वहीत चढवण्याचाच हा प्रकार.

ठिपका पत्रांतही शिरला. ईमेल उघडली केव्हा, किती वेळा, हे पाठवणाऱ्याला कळू लागले. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या हेरांनी बातमी फोडणारा शोधण्यासाठी एका पत्रकाराला असेच पत्र धाडले होते. २००६ साली ते उघडकीस आले आणि मोठा गहजब झाला. पुढे २०१३ साली जीमेलने चित्रे स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणायला आरंभ केला. २०२१ साली ॲपलने त्यावर कडी केली. त्यांचा मेल सारी चित्रे आधीच मागवून ठेवतो, तेव्हा न उघडलेली पत्रेही विक्रेत्याला वाचलेली दिसतात! आपल्याकडे २०२३च्या कायद्याने वैयक्तिक माहिती घेण्यास संमती आवश्यक ठरवली. तिच्याविना चालेल अशी प्रयोजने त्याने मोजकीच सांगितली.

दुकानदारही स्वस्थ बसलेले नाहीत. आता पुष्कळ ठिकाणी दुकानाचा सर्व्हरच जाहिरात कंपनीच्या सर्व्हरला परस्पर कळवतो; ठिपक्याची गरजच उरत नाही. दुसरीकडे यूट्यूबवरची मराठी मंडळी सांगताना दिसतात, "खरेदी करताना माझा कोड टाका, सूट मिळेल." कोड टाकायचा की नाही, हे पुन्हा गिऱ्हाइकाच्या बोटांवर.