तळघरातला रियाज

ओहायो नदीच्या एका काठावर केंटकी राज्यातलं लुईव्हिल शहर, पलीकडच्या काठावर इंडियाना. त्या बाजूला युटिका नावाचं लहानसं गाव आहे आणि तिथे दगडाची एक जुनी खाण, पाणी भरून तळं झालेली. १९९० साली लुईव्हिलची चार मुलं त्या तळ्यात गळ्यापर्यंत उतरली आणि विल ओल्डहॅम या त्यांच्या मित्राने त्यांचा कृष्णधवल फोटो काढला. पाण्यावर फक्त चार डोकी दिसतात. हाच फोटो 'स्पायडरलँड' या अल्बमचं मुखपृष्ठ झाला. बँडचं नाव स्लिंट.

मी याच शहरात तबला शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या एका गिटारवाल्या मुलाने ही रेकॉर्ड मला आणून दिली, "ताई, यातल्या मात्रा मोजून बघा," म्हणाला. मोजल्या. 'नोस्फेराटू मॅन'मध्ये गिटार पाच-पाच मात्रांत फिरते. झपतालात हात बसलेल्या माणसाला पाचाची चाल नवी नाही, पण रॉकमध्ये ती इतकी सहज, कुठेही मिरवल्याशिवाय चाललेली मी ऐकली नव्हती. तेव्हापासून या चौघांबद्दल मिळेल ते वाचत आले आहे, शहरातल्या जुन्या मंडळींना विचारत आले आहे.

ब्रायन मॅकमॅहन आणि ब्रिट वॉल्फर्ड हे लहानपणापासूनचे मित्र. ऐंशीच्या दशकात लुईव्हिलमध्ये शाळकरी मुलांचे पंक बँड होते. स्क्विरल बेट हा त्यांतला सर्वांत गाजलेला, आणि मॅकमॅहन त्यात गिटार वाजवायचा. स्लिंटचा पहिला अल्बम 'ट्वीझ' १९८९ साली आला, तो स्टीव्ह अल्बिनीने मुद्रित केला होता. मग बास वाजवणारा बदलला आणि टॉड ब्रॅशियर आला. दुसरा गिटारवादक डेव्हिड पाहो. मॅकमॅहन आणि वॉल्फर्ड शिकायला शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गेले, तरी सुट्टीत घरी आले की चौघं वॉल्फर्डच्या आई-वडिलांच्या तळघरात जमायचे.

या तळघराबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण माझ्या मते सगळं तिथेच घडलं. एकच लकेर हे लोक तासन् तास घोळवत बसत. कुठे थांबायचं, गिटारचा आवाज किती खाली न्यायचा आणि कुठल्या क्षणी एकदम अंगावर आणायचा, हे चौघांच्या हातात बसेपर्यंत पुढे सरकायचं नाही. वरच्या मजल्यावर घरातल्यांचं जेवणखाण चाललेलं असायचं. आई-वडिलांनी तो गोंगाट वर्षानुवर्षं सोसला. आपल्याकडे रियाजाला घर लागतं आणि घरच्यांची सोशिकता लागते, हे कुणाला सांगावं लागत नाही. रॉकच्या इतिहासात मात्र आई-वडिलांचं नाव निघतं ते बंडाच्या संदर्भात. मला हे फार अन्यायाचं वाटतं. शब्द बहुतेक शेवटी आले. मॅकमॅहन त्यांची तयारी गाडीत बसून करायचा, कारण पुटपुटल्यासारखं बोलत सांगायच्या त्या गोष्टींना एकांत हवा होता.

ऑगस्ट १९९० मध्ये शिकागोच्या रिव्हर नॉर्थ रेकॉर्डर्समध्ये ब्रायन पॉलसनने मोजक्या दिवसांत 'स्पायडरलँड' मुद्रित केला. गाणी सहा, वेळ जेमतेम चाळीस मिनिटं. एका वादकाच्या धाकट्या भावाला हा आवाज कोळ्यासारखा वाटला, त्यावरून अल्बमचं नाव ठरलं. मार्च १९९१ मध्ये टच अँड गो या शिकागोच्या कंपनीने तो काढला तेव्हा बँड आधीच मोडला होता. ना दौरा, ना मुलाखती. अल्बिनीने 'मेलडी मेकर' या ब्रिटिश साप्ताहिकात दहा तारे दिले, पण रेकॉर्ड खपली थोडीच. त्याच सप्टेंबरात निर्वाणा या बँडचा 'नेव्हरमाइंड' आला आणि सगळ्यांचे कान तिकडे वळले.

पुढची गोष्ट ऐकणाऱ्यांची. एकाने दुसऱ्याला कॅसेट भरून द्यायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. १९९५ साली लॅरी क्लार्कच्या 'किड्स' सिनेमाच्या संगीतात 'स्पायडरलँड'मधलं 'गुड मॉर्निंग, कॅप्टन' आलं आणि आणखी काही जण शोधत आले. तिकडे ग्लासगोत मोग्वाय, इकडे शिकागोत टॉर्टॉइज (पाहो पुढे त्यातच सामील झाला) अशा बँडांच्या वाजवण्यात स्लिंटची ती दबकत येऊन उसळणारी चाल ऐकू येऊ लागली. आज ज्याला पोस्ट-रॉक म्हणतात त्याच्या मुळाशी हा अल्बम आहे, असं जाणकार म्हणतात आणि मला ते पटतं.

पण याच भक्तांनी एक दंतकथाही वाढवली. बँड गप्प होता, मुखपृष्ठावर चार डोकी, 'गुड मॉर्निंग, कॅप्टन'मध्ये बुडालेलं जहाज आणि शेवटी जीव तोडून मारलेली किंकाळी. मग मुद्रणाच्या ताणाने मुलं मनोरुग्णालयात गेली, असं सांगितलं जाऊ लागलं. एखाद्या तरुणाच्या दुखण्याचं असं रहस्य करून चघळणं मला पटत नाही. किंकाळी ऐकताना लोकांना वेड आठवतं. मला तिच्या आधीची सगळी मिनिटं ऐकू येतात, आवाज इतका वेळ खाली धरून ठेवायला लागलेला संयम ऐकू येतो. तो तळघरातून आलेला आहे.

२०१४ साली लान्स बँग्जचा 'ब्रेडक्रम्ब ट्रेल' हा माहितीपट आला आणि त्यात ते घर, ती माणसं, त्यांचं हसणं-खिदळणं दिसलं. थट्टामस्करी करणारी पोरं होती ती. त्याच वर्षी टच अँड गोने जुन्या मुद्रणांसह अल्बमची मोठी पेटी काढली. दरम्यान लुईव्हिल विद्यापीठाने शहरातल्या या भूमिगत संगीताची पत्रकं, फोटो, ध्वनिफिती जमवायला सुरुवात केली. हे काम मला कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठं वाटतं, कारण त्यात शाळकरी पोरांच्या हातच्या झेरॉक्स पत्रकांनाही जागा आहे.

बँड मध्ये मध्ये एकत्र आला. २००७ साली शिकागोच्या पिचफोर्क महोत्सवात त्यांनी 'स्पायडरलँड' सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवला. लोक नव्या अल्बमची वाट बघत राहिले, तो आला नाही. माझ्या विद्यार्थ्याला याचं अजून वाईट वाटतं. मी त्याला म्हणते, चौघं आता वेगवेगळ्या घरांत राहतात, रोज संध्याकाळी एका तळघरात बसायला त्यांना कोण मोकळं करणार?