मापं कोणाची घेतली आणि परीक्षा कोणाची?

१९३९-४० साली अमेरिकेच्या कृषी खात्याने जवळजवळ १५ हजार बायकांची मापं घेतली, तयार कपड्यांचे साइज ठरवायला. एकेकीची ५० हून जास्त मापं, सगळं शास्त्रशुद्ध. ओब्रायन आणि शेल्टन यांचा अहवाल १९४१ मध्ये आला. पण मापं घेणाऱ्यांना सूचना होती की गोऱ्या नसलेल्या बायका आल्याच तर त्यांचीही घ्या, उगाच कोणी दुखावायला नको. नंतर ते कागद टाकून द्या. १९५८ चं अमेरिकन साइजचं मानक याच मापांवर उभं राहिलं.

हे आज का काढलं? कारण आता मापं कॉम्प्युटर घेतो. फोटोवरून कपड्यांसकट तुमचा थ्रीडी अवतार बनवणारी संशोधनं धडाक्यात चालू आहेत, आणि त्यांच्या मुळाशीही एक मोजणी आहे. १९९८ च्या सुमारास सुरू झालेली 'सीझर': उत्तर अमेरिका, नेदरलँड्स, इटली, काही हजार माणसं, अंगाला चिकटणारे कपडे. आशिया-आफ्रिकेत स्कॅनर गेलाच नाही. त्यातले सुमारे १७०० पुरुष आणि २१०० स्त्रिया घेऊन २०१५ मध्ये 'एसएमपीएल' हे शरीराचं मॉडेल तयार झालं. पुढची बरीच कामं त्याच्यावरच चढवलेली आहेत. कपडा म्हणजे या अंगापासून थोडा सरकवलेला पृष्ठभाग, हा त्यातला एक सोपा मार्ग. टी-शर्टला चालतो. निऱ्यांना कसा चालणार? तिथे अंगाच्या एकाच बिंदूवर कापडाचे पाच-सहा थर असतात.

आता परीक्षेचं. डेटाचे दोन भाग करतात, एकावर मशीन शिकतं, दुसऱ्यावर तपासतात. भाग कसे पाडले त्यावर निकाल ठरतो. २०२१ च्या 'झेडजेयू-मोकॅप'मध्ये एका माणसाला वीसेक कॅमेऱ्यांनी टिपलंय. रूढ पद्धत अशी की चार कॅमेऱ्यांवर शिकायचं, उरलेल्यांवर परीक्षा. 'नवीन पोज' म्हणजे त्याच व्हिडिओच्या पुढच्या फ्रेम. माणूस तोच, शर्ट तोच, खोली तीच! लपवाछपवी नाही, पेपरात स्पष्ट लिहितात. दुसऱ्या कोनातून चित्र काढणं एवढाच दावा असेल तर ठीकच आहे. पण जाहिरातीत तेच 'कोणाचाही अवतार' होतं, तेव्हा ते अपेक्षित प्रश्नसंचातलेच प्रश्न बोर्डात आल्यासारखं आहे.

'टीह्यूमन २.०'मध्ये ५२६ स्कॅन आहेत, माणसं त्याहून कमी. एकेकाच्या अनेक पोज. स्कॅन नुसते पिसून वाटले तर एकच माणूस दोन्हीकडे जातो. २०१९ च्या 'पीफू'ने माणसंच वेगळी ठेवली होती, ४४२ शिकायला, ४९ तपासायला. म्हणजे जमतं.

कोणी असं ॲप सरकारी योजनेसाठी किंवा गणवेशाच्या मापांसाठी विकायला आलं, तर अचूकतेचा टक्का नंतर विचारा. आधी विचारा, परीक्षेतली माणसं वेगळी होती की नुसत्या फ्रेम? आणि साडीतल्या किती होत्या?