कारभारी

आमच्या आजीनं आजोबांना कधी नावानं हाक मारली नाही. ‘कारभारी’ म्हणायची. लातूर-नांदेडकडच्या खेड्यांत हा शब्द अजून ऐकू येतो. रविवारी चर्चमध्ये बायबल वाचलं जायचं, त्यातही कारभारी यायचा. धन्याची मालमत्ता सांभाळणारा, पण स्वतः मालक नसलेला माणूस. देवानं आपल्याला जे सोपवलंय त्याचे आपण कारभारी, असं पाळकसाहेब सांगायचे आणि प्रवचन बहुतेक वेळा दशमांशावर येऊन थांबायचं. त्यामुळे सोपवलेलं म्हणजे पैसा, असंच मला बरीच वर्षं वाटत होतं.

मग जामखेडबद्दल वाचलं. लातूरहून एसटीनं अर्ध्या दिवसाच्या अंतरावरचं, बीडच्या हद्दीला लागून असलेलं, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातलं दुष्काळी गाव. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथं आले. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. 1960 मध्ये लग्न करतानाच त्यांनी खेड्यातल्या गरिबांसाठी आयुष्य द्यायचं ठरवलं होतं. आधी काही वर्षं ते वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात होते. तिथं त्यांच्या लक्षात आलं, की बरी करून घरी पाठवलेली माणसं त्याच आजारांनी परत येतात. पुढे अमेरिकेत जाऊन दोघं सार्वजनिक आरोग्य शिकले आणि परतले.

1971 मध्ये जामखेडच्या आसपासच्या गावांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी 176 मुलं पहिला वाढदिवस बघत नव्हती. म्हणजे जवळपास सहातलं एक.

गावोगावी प्रशिक्षित नर्स ठेवायची, हा आरोळ्यांचा पहिला बेत. तो फसला. शिकलेली, परगावची, एकटी राहणारी बाई. तिला गावात करमेना आणि गावाचा तिच्यावर भरवसा बसेना. मग गावातलीच बाई निवडायची असं ठरलं. निवड गावानं करायची. आल्या त्या बऱ्याचशा मध्यमवयीन, निरक्षर, कित्येक दलित. दर आठवड्याला जामखेडला यायचं, एकत्र जेवायचं, एकत्र राहायचं आणि शिकायचं. बाळंतपण कसं करायचं, बाळाचं वजन का घ्यायचं, जुलाब झाले तर काय द्यायचं. आज आपल्याला साधं वाटतं. पण 1970 च्या दशकात सगळ्या जातींच्या बायकांनी एका पंगतीत जेवणं हा जुलाबाच्या औषधापेक्षा अवघड धडा असणार. दुष्काळात बोअर घ्यायची वेळ आली तेव्हाही दलित वस्तीतच घ्यायचा आग्रह धरला गेला. ज्याला पाणी पाहिजे, त्यानं तिकडं जावं.

आमच्या क्षेत्रात सगळा कोड एकाच माणसाच्या डोक्यात असला, की टीम त्याच्या रजेला घाबरते आणि त्या माणसाला मात्र ते मनातून आवडतं. डॉक्टरांना तर समाजानंच तसं बसवलेलं. आरोळ्यांनी उलटं केलं. डिग्री, मेडल, परदेशातलं शिक्षण, यातलं काहीच आपल्या मालकीचं नाही असं धरून ते वाटून टाकलं. दृष्टांतातला चाकर धन्याचा पैसा जमिनीत पुरून ठेवतो. ज्ञान पुरून ठेवायला तर जमीनही लागत नाही, इंग्रजी पुरते.

पंचवीस वर्षांत तो 176 चा आकडा तिशीच्या आत आला. 1975 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण छापलं गेलं, 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे मिळालं. 1988 मध्ये मुक्ताबाई पोळ या जामखेडच्या आरोग्य सेविका वॉशिंग्टनमधल्या परिषदेत बोलल्या. डॉक्टर झुंबरासारखे, आम्ही पणतीसारख्या, पण एका पणतीवरून दुसरी लावता येते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. (या बायका पगारी नोकर नव्हत्या, हे मला खटकतं. आज आशाताई मानधनासाठी रस्त्यावर उतरतात तेव्हा जास्तच.)

हे सगळं मी का वाचत बसलो, त्याला कारण आहे. आजीची दोन लेकरं जुलाबानं गेली. माझ्या वडिलांच्या पाठची. साल तिला आठवत नाही, दुष्काळानंतरची एवढंच सांगते. 1971 मध्येच तिकडे बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबिस मीठ-साखरेच्या पाण्यानं माणसं वाचवत होते. आमच्याकडे तेव्हा जाणते लोक सांगायचे, जुलाब लागलेल्या पोराचं पाणी तोडा.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा तिला सांगितलं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. तिनं बोटं मोजत पुन्हा म्हणून बघितलं. मग थोडा वेळ चुलीकडे बघत बसली.

“होतं की रं सगळं घरात,” ती म्हणाली.