लोणी की मार्गारीन? बदलत गेलेल्या एका प्रश्नाचा इतिहास

आहाराचा पाठ चालू असला की ‘साजूक तूप चांगले की वनस्पती तूप?’ हा प्रश्न वर्गात हमखास येतो. युरोप-अमेरिकेत हाच प्रश्न ‘लोणी की मार्गारीन?’ अशा रूपात जवळजवळ दीडशे वर्षे विचारला जात आहे. मार्गारीन म्हणजे लोण्यासारखे दिसणारे, पावाला लावता येणारे, पण चरबीपासून किंवा वनस्पती तेलापासून बनवलेले खाद्य. या काळात या प्रश्नाचे उत्तर अनेकदा बदलले. त्यामुळे ‘शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्या दुसरे’ अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. ही तक्रार कितपत खरी आहे, हे या प्रश्नाचा इतिहास पाहिला की कळते.

स्वस्त लोणी

१८६०च्या दशकात फ्रान्समध्ये लोणी महाग झाले होते. आरमाराला आणि गरीब जनतेला परवडेल असा टिकाऊ पर्याय शोधणाऱ्यास सम्राट तिसऱ्या नेपोलियनने बक्षीस जाहीर केले. हिप्पोलीत मेज-मुरिएस या रसायनतज्ज्ञाने १८६९ साली गाईबैलांच्या चरबीतला मऊ भाग वेगळा काढून तो दुधाबरोबर घुसळला आणि लोण्यासारखा पदार्थ तयार केला. शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञाने १८१३ साली चरबीतून मोत्यासारखी चमक असणारे एक आम्ल वेगळे केले होते. ग्रीक भाषेत मोत्याला ‘मार्गारितीस’ म्हणतात, म्हणून त्याने त्या आम्लाला ‘मार्गारिक आम्ल’ असे नाव दिले होते. नव्या पदार्थाचे नाव त्यावरूनच पडले. ते आम्ल म्हणजे एकच पदार्थ नसून दोन मेदाम्लांचे मिश्रण आहे, हे पुढे सिद्ध झाले. नाव मात्र टिकले. १८७१ साली हॉलंडमधील युर्गेन्स या लोण्याच्या व्यापाऱ्यांनी ही कृती मिळवली आणि मार्गारीनचे कारखाने उभे राहिले.

या वेळी प्रश्न फक्त किमतीचा होता. आरोग्याचा विचार कोणी फारसा केलेला नव्हता.

रंगाचे भांडण

अमेरिकेत दुग्धव्यावसायिकांनी मार्गारीनविरुद्ध मोहीमच उघडली. १८८६ साली तेथील केंद्र सरकारने त्यावर पौंडामागे २ सेंट कर बसवला. १९०२ साली पिवळा रंग दिलेल्या मार्गारीनवरचा कर पौंडामागे १० सेंट झाला. न्यू हॅम्पशायर राज्याने तर मार्गारीन गुलाबी रंगवूनच विकावे असा कायदा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १८९८ साली तो रद्द ठरवला.

यातली गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. गाईच्या लोण्याचा पिवळेपणा गवतातल्या कॅरोटीनमुळे येतो. हिवाळ्यात हिरवा चारा कमी झाला की लोणी फिके पडते. तेव्हा लोणी बनवणारेही त्यात शेंद्रीच्या बियांचा रंग मिसळत! म्हशीच्या दुधाचे लोणी पांढरे का असते, हे विद्यार्थ्यांना येथेच विचारता येईल. म्हैस कॅरोटीनचे ‘अ’ जीवनसत्त्वात रूपांतर करते. हे जीवनसत्त्व रंगहीन असते. म्हणजे रंगावरून पोषणाची परीक्षा होत नाही.

डेन्मार्कची मुले

पोषणाचा प्रश्न पुढे आला तो १९१३ साली. अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे मॅकॉलम आणि डेव्हिस यांनी उंदरांना निरनिराळे स्निग्ध पदार्थ खाऊ घातले. लोण्यातील स्निग्धांश मिळालेले उंदीर वाढत राहिले. डुकराची चरबी किंवा ऑलिव्ह तेल मिळालेल्या उंदरांची वाढ काही काळाने थांबली. लोण्यात काहीतरी आवश्यक घटक आहे, हे कळले. पुढे त्याला ‘अ’ जीवनसत्त्व म्हटले गेले.

ही गोष्ट केवळ प्रयोगशाळेपुरती नव्हती. डेन्मार्क हा लोणी निर्यात करणारा देश. लोणी परदेशी जाई आणि गरीब घरांत साय काढलेले दूध व मार्गारीन उरे. पहिल्या महायुद्धाच्या काळात कोपनहेगनच्या बालरोगतज्ज्ञ कार्ल ब्लॉक यांच्याकडे डोळे कोरडे पडून दृष्टी जाऊ लागलेली मुले येत होती. दूध, लोणी आणि कॉड माशाचे तेल दिल्यावर ती सुधारत. १९१७च्या सुमारास जर्मन पाणबुड्यांमुळे समुद्रावरचा व्यापार थंडावला. मार्गारीनचा कच्चा माल येईना आणि लोणी बाहेर जाईना. लोण्याचे रेशनिंग होऊन ते गरिबांच्याही घरी पोहोचले आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला.

तेव्हा लोणी जिंकले, असे म्हणता येईल. पण उणीव कळली की ती भरून काढता येते. मार्गारीनमध्ये ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वे मिसळायला सुरुवात झाली आणि हा फरक पुसला गेला.

तेल घट्ट करण्याची युक्ती

याच काळात कच्चा माल बदलत होता. जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ साली द्रवरूप तेल घट्ट करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. निकेल हा उत्प्रेरक वापरून गरम तेलातून हायड्रोजन सोडायचा. मेदाम्लांतील दुहेरी बंधांना हायड्रोजन जोडला जातो आणि तेल थिजते. यालाच हायड्रोजनीकरण म्हणतात. हीच कृती भारतातही आली. मुंबईत शिवडीला कारखाना उभा राहिला आणि १९३७पासून ‘डालडा’ घरोघर पोहोचू लागला.

आपल्याकडेही पहिले भांडण फसवणुकीचेच होते. साजूक तुपात वनस्पती तूप मिसळले जाई. वनस्पतीला रंग द्यावा, ही मागणी अनेकदा झाली. त्याऐवजी वनस्पतीत ५ टक्के तिळाचे तेल घालण्याचे बंधन आले. वितळलेल्या तुपात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि चिमूटभर साखर घालून हलवल्यावर लालसर रंग येतो, हा प्रयोग अनेक शाळांत करून दाखवतात. (आम्ल शिक्षकांनीच हाताळावे.) हा रंग येतो तो तिळाच्या तेलामुळे. म्हणजे ही परीक्षा भेसळ पकडते. वनस्पती तूप आरोग्याला कसे आहे, याबद्दल ती काहीच सांगत नाही.

तोच रेणू, पण सरळ

१९५०नंतर अमेरिकेत हृद्रोगाची चिंता वाढली. संपृक्त मेदाम्लांमुळे रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते, हे दिसून आले. १९६१ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने संपृक्त स्निग्धांऐवजी असंपृक्त तेले वापरण्याचा सल्ला दिला. लोण्यात संपृक्त मेदाम्ले भरपूर, तर मार्गारीन वनस्पती तेलाचे. साहजिकच मार्गारीन ‘हृदयाचा मित्र’ ठरले.

पण एक गोष्ट नजरेआड राहिली होती. हायड्रोजनीकरण अर्धवट सोडले, तर शिल्लक दुहेरी बंधांपैकी काहींची रचना उलटते. ओलेइक आम्लाच्या रेणूत १८ कार्बन, ३४ हायड्रोजन आणि २ ऑक्सिजन अणू असतात. दुहेरी बंधापाशी हा रेणू वाकलेला असतो. त्याला ‘सिस’ रचना म्हणतात. हेच अणू ‘ट्रान्स’ रचनेत आले की रेणू जवळजवळ सरळ होतो. वाकडे रेणू एकमेकांना नीट चिकटून बसत नाहीत, सरळ रेणू बसतात. म्हणून पहिला पदार्थ सुमारे १३ अंश सेल्सिअसला वितळतो, तर दुसरा सुमारे ४४ अंशांना.

आता प्रश्न पुन्हा बदलला: हे ट्रान्स मेद शरीरात काय करतात? १९९० साली हॉलंडमधील मेन्सिंक आणि कातान यांनी ५९ निरोगी स्त्री-पुरुषांना तीन वेगवेगळे आहार प्रत्येकी तीन आठवडे दिले. ट्रान्स मेदांमुळे अपायकारक (एलडीएल) कोलेस्टेरॉल वाढले आणि उपकारक (एचडीएल) कोलेस्टेरॉल कमी झाले. संपृक्त मेदांनी एलडीएल वाढते, पण एचडीएल असे घटत नाही. १९९३ साली अमेरिकेतील सुमारे ८५ हजार परिचारिकांच्या पाहणीतही ट्रान्स मेद आणि हृद्रोग यांचा संबंध आढळला. मार्गारीनचा कारखानदारी धंदा ज्या हॉलंडमध्ये वाढला, तेथूनच त्याच्याविरुद्धचा भक्कम पुरावा आला.

२००३ साली स्निग्धांतील ट्रान्स मेदांवर २ टक्क्यांची कायदेशीर मर्यादा घालणारा पहिला देश ठरला डेन्मार्क. भारतात ही मर्यादा २०१५ साली ५ टक्के, २०२१ साली ३ टक्के आणि २०२२ साली २ टक्के झाली.

मग वर्गात काय सांगायचे?

आज अनेक मार्गारीन अर्धवट हायड्रोजनीकरणाशिवाय बनतात. मऊ मार्गारीनमध्ये लोण्यापेक्षा असंपृक्त मेदाम्ले जास्त असू शकतात. घट्टपणासाठी पामतेल वापरले असेल, तर संपृक्त मेदही बरेच असतात. तेव्हा नावावरून निर्णय करता येत नाही. प्रमाण पाहावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार एकूण उष्मांकांपैकी संपृक्त मेदांचा वाटा १० टक्क्यांच्या आत आणि ट्रान्स मेदांचा १ टक्क्याच्या आत असावा. १ ग्रॅम स्निग्धापासून ९ किलोकॅलरी मिळतात. २००० किलोकॅलरींच्या आहारात या मर्यादा अनुक्रमे सुमारे २२ ग्रॅम आणि २.२ ग्रॅम इतक्या येतात. १० ग्रॅम लोण्यात संपृक्त मेद सुमारे ५ ग्रॅम असतात. पावाला थोडे लोणी लावल्याने आकाश कोसळत नाही. पण तेच दिवसातून चार वेळा झाले, वर तळलेले पदार्थ आणि खारी-बिस्किटे आली, तर मर्यादा केव्हा ओलांडली जाते ते कळतही नाही.

विद्यार्थ्यांना घरातली बिस्किटांची, लोण्याची, वनस्पतीची रिकामी पाकिटे आणायला सांगावे. त्यांवरील संपृक्त आणि ट्रान्स मेदांचे आकडे फळ्यावर मांडून वरची बेरीज करून घ्यावी. एखाद्या वनस्पती तेलाच्या पाकिटावर ‘कोलेस्टेरॉलविरहित’ असे ठळक छापलेले दिसेल. वनस्पती तेलांत कोलेस्टेरॉल नगण्यच असते, मग हे छापण्याचे कारण काय, याचा शोध मुलांनाच घेऊ द्यावा. आणि ‘शास्त्रज्ञ मत का बदलतात?’ असे कोणी विचारले, तर वर आलेले प्रश्न क्रमाने मांडावेत: किंमत, फसवणूक, जीवनसत्त्व, संपृक्त मेद आणि शेवटी रेणूचा आकार. प्रत्येक वेळी कोणता नवा पुरावा हाती आला, ते मुलांना स्वतःच सांगता येईल.