सामू : मातीचा व पाण्याचा

माती किंवा पाणी किती आम्ल वा किती विम्ल आहे हे दाखवणारा अंक. प्रयोगशाळेच्या अहवालात तो ‘पीएच’ या नावानेही छापलेला असतो. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करताना ही मोजपट्टी मांडली. ती ० ते १४ अशी धरतात. ७ हा उदासीन बिंदू. त्याखाली आम्लता वाढते, त्यावर विम्लता. प्रत्येक पायरी दसपटीची असते. ६ सामूच्या मातीपेक्षा ५ सामूची माती दहापट आम्ल असते, त्यामुळे अर्ध्या अंकाचा फरकही क्षुल्लक नसतो.

बहुतेक पिकांना ६.५ ते ७.५ सामू मानवतो. महाराष्ट्रातली सगळी जमीन मुळातच या पट्ट्यात बसत नाही. दख्खनच्या पठारावरच्या काळ्या मातीचा सामू साधारण ७.५ ते ८.५ असतो, कारण तिथे पाऊस कमी आणि मातीत मोकळी चुनखडी भरपूर. कोकण, गोवा आणि महाबळेश्वरच्या जांभ्या मातीतून मुसळधार पावसाने चुना व मॅग्नेशियम धुऊन नेलेले असते; तिथे सामू ५ ते ६.५ च्या आसपास सापडतो. स्ट्रॉबेरीला तो मानवतो. तिसरी जात कालव्याखालच्या चोपण जमिनींची. उसाला वर्षानुवर्षे दिलेले पाणी निचऱ्याअभावी साचून मातीच्या कणांना सोडियम चिकटते आणि सामू ८.५ च्या पुढे जातो. दोन शेतांचा अंक सारखा असला, तरी तो तसा होण्याचे कारण वेगळे असू शकते, आणि उपाय त्या कारणावर ठरतो.

तपासणीतली बहुतेक चूक यंत्रात नसते, नमुन्यात असते. एकसारख्या दिसणाऱ्या तुकड्यात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचे, १५ ते २० सेंमी खोल खड्डे घ्यावेत आणि त्यांच्या कडेची वरपासून खालपर्यंतची माती खरवडून एकत्र करावी. बांधालगत, झाडाखाली, उकिरड्याजवळ किंवा नुकतेच खत टाकलेल्या जागी नमुना घेऊ नये. गोळा झालेल्या मातीचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असे अर्धा किलो उरेपर्यंत करावे. ती सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरावी. फळबागेसाठी ९० सेंमीपर्यंत थराथराने वेगळे नमुने लागतात; वरची माती बरी आणि खाली चुनखडीचा पट्टा, ही फसगत मोसंबीच्या बागेत झाडे मोठी झाल्यावर उघड होते.

घरी मोजायचे तर एक भाग चाळलेली माती व अडीच भाग शुद्ध, म्हणजे बॅटरीत घालतात तसे पाणी घेऊन अर्धा तास अधूनमधून ढवळावे. मग पेनसारखा डिजिटल मापक त्यात बुडवावा. तो आधी ४ व ७ सामूच्या प्रमाण द्रावणांत, आणि काळ्या मातीसाठी ९.२ च्या द्रावणातही जुळवून घ्यावा लागतो. न जुळवलेल्या मापकावर विश्वास ठेवण्यापेक्षा दोन रुपयांची रंगपट्टी बरी. मातीत खुपसायचे बिनबॅटरीचे काटे स्वस्त मिळतात, पण त्यांच्यावर निर्णय घेऊ नये. जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क आम्लात गडद गुलाबी व विम्लात हिरवा होतो, हळद विम्लात लाल होते. शाळेतल्या प्रयोगाला हे छान, शेताला अपुरे. घरगुती चाचण्यांत एकच खरी उपयोगी आहे : कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकल्यावर फसफसले तर तिच्यात मोकळी चुनखडी आहे.

पाण्याच्या बाबतीत सामूपेक्षा बायकार्बोनेटकडे जास्त लक्ष द्यावे. सिंचनाच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.४ असणे सामान्य समजतात. पावसाचे पाणी ५.६ च्या आसपास, म्हणजे आम्ल असते, पण त्याच्यात सामू पेलून धरण्याची ताकद नसल्याने मातीवर त्याचा लगेच परिणाम दिसत नाही. बोअरवेलचे ८ सामूचे पाणी मात्र बायकार्बोनेट घेऊन येते आणि कुंडीतल्या मातीचा सामू हळूहळू चढवते. अनंत, एक्झोरा, कढीपत्ता यांची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागतात त्याचे हे एक नेहमीचे कारण. कढीपत्त्याला ताक घालण्याची रीत आहे. त्याने कुंडीभर मातीचा सामू फारसा हलत नाही. पाण्याचा नमुना पंप थोडा वेळ चालवून मग काठोकाठ भरलेल्या बाटलीत घ्यावा व लवकर तपासावा, कारण उघड्यावर कार्बन डाय-ऑक्साइड निघून गेला की सामू वाढतो.

फवारणीच्या पाण्याचा सामू उतरवणे सोपे असते. द्राक्षबागायतदार जिब्रेलिक आम्लाच्या फवारणीआधी सायट्रिक किंवा फॉस्फरिक आम्लाने तो ५.५ ते ६.५ वर आणतात. आधी दहा लिटरच्या बादलीत थोडेथोडे आम्ल घालून किती लागते ते पाहावे आणि त्या हिशोबाने टाकी करावी. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, आम्लात पाणी कधीही नाही. मोरचूद व चुना यांच्या बोर्डो मिश्रणाचे उलट आहे : ते आम्ल राहिले तर मोरचूदातले तांबे पाने करपवते. म्हणून त्यात स्वच्छ लोखंडी विळा क्षणभर बुडवतात. तांबूस थर चढला तर आणखी चुन्याची निवळी घालतात.

आम्ल मातीला बारीक दळलेला शेतीचा चुना किंवा डोलोमाइट पेरणीआधी दोन-तीन आठवडे मिसळतात. मात्रा मातीतल्या चिकणमातीवर व सेंद्रिय द्रव्यावर ठरते, नुसत्या सामूवर नाही. युरियासोबत चुना टाकू नये, अमोनिया उडून जातो. कोकणातल्या भातखाचरात पाणी साचले की आम्ल मातीचा सामू आपोआप उदासीनाकडे सरकतो, त्यामुळे भाताला चुन्याची घाई करण्याचे कारण नसते. चोपण जमिनीला जिप्सम लागू पडतो, पण आधी चर काढून निचरा करावा लागतो. नाहीतर सुटलेले सोडियम जागीच राहते. ताग किंवा धैंचा गाडणे जोडीला चांगले.

चुनखडीयुक्त काळ्या मातीचा सामू उतरवण्याच्या नादी मात्र लागू नये. एका एकराच्या वरच्या १५ सेंमी थरात सुमारे ९ लाख किलो माती असते. तीत फक्त १ टक्का चुनखडी धरली तरी ती ९ टन भरते, आणि ती संपवायला जवळजवळ ३ टन गंधक लागेल. जिप्समने इथे सामू उतरत नाही, तरी तो ‘माती गोड करतो’ म्हणून विकला जातो. अशा मातीत सामू तसाच ठेवून पिकाची अडचण सोडवणे शहाणपणाचे. ऊस किंवा भुईमूग केवडा पडला, म्हणजे लोहाअभावी पिवळा झाला, तर हिराकस (फेरस सल्फेट) शेणखतात मुरवून द्यावा किंवा फवारावा. चिलेटेड लोह जमिनीतून द्यायचे तर ईडीडीएचए प्रकारचे घ्यावे. स्वस्तातले ईडीटीए इतक्या सामूला टिकत नाही.

१९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत सामूसह १२ घटक तपासले जातात. मोकळी चुनखडी त्यांत नाही. दख्खनच्या शेतकऱ्याने नमुना देतानाच ती तपासणी वेगळी मागून घ्यावी.